अर्धा श्वास मागे

आमच्या घरात एक व्हिडिओ कॅसेट होती. गिरगावातल्या आमच्या वाडीच्या गणेशोत्सवातली, १९८८ सालची. मंडळानं त्या वर्षी पहिल्यांदाच शूटिंगवाला बोलावला होता. एरवी लग्नांचं शूटिंग करणारा, सोबत डोळे दिपवणारा हॅलोजन आणि तो धरून उभा राहायला एक पोऱ्या. स्टेजवर मधे गाणारे बुवा, त्यांच्या उजव्या हाताला तबलजी, डाव्या हाताला पेटीवर माझे बाबा. तीन तासांची अख्खी मैफल कॅसेटवर आली आणि तिच्यात बाबा कुठेच नव्हते. कॅमेरा बुवांच्या चेहऱ्यावर, मग मखरावर, मग पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर, की परत बुवांवर. एका अभंगाच्या मधे बुवा पाण्याच्या भांड्यासाठी वाकले, तेवढ्यात चौकटीच्या कडेला एक हात दिसतो. भात्यावरचा डावा हात, अनामिकेत पोवळ्याची अंगठी. हात पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो. आठ-दहा सेकंद. मग बुवा सरळ बसतात आणि हात झाकला जातो.

भाड्यानं व्हीसीआर आणून आम्ही ती कॅसेट पाहिली. खोलीत शेजारपाजारची बारा-पंधरा माणसं दाटीवाटीनं बसलेली. आई शेवटपर्यंत म्हणत होती, "आता दाखवतील बघ." मी अकरा वर्षांची होते. भैरवी संपून पडद्यावर मुंग्या आल्या तेव्हा मला रडू फुटलं. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा डावा हात मांडीवर हलत होता.

शेरलॉक होम्स आमच्या घरी आला तो साधारण याच सुमारास. बाबा गोदीत कारकून होते. संध्याकाळी घरी येताना ठाकूरद्वारच्या फिरत्या वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचे आणि जेवणं झाली की गॅलरीत बसून मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. होम्सनं कुणाच्या तरी बुटावरच्या चिखलावरून त्याचा अख्खा प्रवास सांगितला की बाबा थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "काय जागा घेतली!" गाण्यातली दाद ते होम्सला द्यायचे. एकदा मी विचारलं, "पण बाबा, हा वॉटसन इतका कसा हो बावळट? शेजारी बसून त्याला काहीच कसं दिसत नाही?"

"बावळट नाही गं," बाबा म्हणाले. "तो पेटीवर बसलाय."

मग त्यांनी मला साथ म्हणजे काय ते सांगितलं. साथ करणाऱ्याला राग माहीत असतो, बंदिश पाठ असते, बुवांच्या नेहमीच्या जागाही ठाऊक असतात. तरी तो गाणाऱ्याच्या आधी तिथे पोचत नाही. "पुढे गेलं तर उद्धटपणा. फार मागे राहिलं तर गाणं लंगडतं. अर्धा श्वास मागे, तिथं बसायचं. आणि बुवांनी श्वास घेतला की ती जागा रिकामी पडू द्यायची नाही."

हे वॉटसनला नेमकं कसं लागू पडतं ते मला कळायला पुढची वीसेक वर्षं गेली. वॉटसन आपल्याला गोष्ट सांगतो तेव्हा ती घडून गेलेली असते. खून कुणी केला, खिडकी उघडी का होती, कुत्रा रात्री का भुंकला नाही, हे सगळं लेखणी हातात घेताना त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही तो आपल्याला पहिल्या पानावर सांगत नाही. तो पुन्हा त्या दिवशीच्या स्वतःच्या जागी जाऊन बसतो, त्या वेळी जेवढं दिसलं तेवढंच मांडतो, आपला चुकीचा तर्कही प्रामाणिकपणे लिहितो आणि होम्सला पुढे जाऊ देतो. वॉटसनचं ते चकित होणं ही लेखकाची अदब आहे. पुस्तकात ती अदब वाक्यावाक्यात असते. सिनेमा आला आणि निवेदकाची गरज संपली, कारण सांगायचं काम कॅमेरा करू लागला. वॉटसनच्या हातातून पेटी काढून घेतली आणि त्याला स्टेजवर तसाच बसवून ठेवला. आता याचं करायचं काय, हा प्रश्न गेली शंभर वर्षं प्रत्येक दिग्दर्शकापुढे आहे. होम्स कुणी कसा केला यापेक्षा मला या प्रश्नाचं उत्तर कुणी काय दिलं, हे बघायचं वेड लागलं.

आधी मूळचा माणूस कोण होता ते बघायला हवं, कारण पडद्यानं त्याला फार लवकर पुसून टाकलं. १८८७ साली 'अ स्टडी इन स्कार्लेट' आली, तिच्या पहिल्या दोन-तीन पानांत तो आपली हकिगत सांगतो. १८७८ साली लंडन विद्यापीठातून एम.डी., मग लष्करी शल्यवैद्याचं शिक्षण, मग हिंदुस्थानात नेमणूक. तो मुंबईत उतरतो. उतरल्यावर त्याला कळतं की आपली पलटण खिंडी ओलांडून केव्हाच शत्रूच्या मुलखात शिरली आहे. बस, मुंबईचा उल्लेख एवढाच, एका वाक्याचा. पण तो बाबांनी वाचला तेव्हा गॅलरीत बसल्या बसल्या मला काय आनंद झाला होता! डॉक्टर वॉटसन आपल्या बंदरात उतरला होता, आणि बाबा त्याच बंदराच्या गोदीत रोज कामाला जात होते.

पुढे २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदची लढाई. ही लढाई खरी झालेली आहे आणि इंग्रजांचा तिथे दारुण पराभव झाला. त्या ब्रिगेडमध्ये बॉम्बे ग्रेनेडियर्सही होते. वॉटसनच्या खांद्यात जेझाईलची, म्हणजे लांब नळीच्या अफगाण बंदुकीची, गोळी घुसते. त्याला पेशावरच्या इस्पितळात हलवतात, तिथे विषमज्वर होतो, आणि हाडांचा सापळा झालेला हा माणूस बोटीनं परत लंडनला जातो. ना नातेवाईक, ना पैसा, ना प्रकृती. वय तिशीच्या आतबाहेर. म्हणजे पहिल्या भेटीत होम्ससमोर उभा असतो तो मरणाच्या दारातून परतलेला तरुण डॉक्टर. "तुम्ही अफगाणिस्तानात होतात, असं दिसतंय," हे होम्सचं प्रसिद्ध वाक्य त्याच्या काळवंडलेल्या कातडीकडे, गोऱ्या मनगटाकडे आणि अवघडून धरलेल्या हाताकडे पाहून आलेलं आहे. होम्सच्या बुद्धीचा पहिला चमत्कार वॉटसनच्या जखमेवर झाला.

आता नायजेल ब्रूस बघा. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन आणि ब्रूस या जोडीचे चौदा चित्रपट आले, आणि जगानं वॉटसन म्हटल्यावर पुढची कित्येक वर्षं ब्रूसच डोळ्यांपुढे आणला. गोल, मध्यमवयीन, गाल फुगवून पुटपुटणारा, पुरावा समोर असताना दुसरीकडे बघणारा प्रेमळ म्हातारा. होम्स बोलला की हा 'ऑ?' करतो आणि प्रेक्षक हसतात. मी हे चित्रपट खूप नंतर, संगणकावर एका पाठोपाठ एक पाहिले. ब्रूस मला आवडला, त्याच्यावर राग धरणं अशक्यच आहे. पण सातव्या-आठव्या चित्रपटापर्यंत माझ्या मनात एकच प्रश्न घोळायला लागला की इतका हुशार होम्स या माणसाबरोबर का राहतो? पुस्तक वाचताना हा प्रश्न एकदाही पडत नाही.

नंतर ब्रूसबद्दल वाचलं आणि फार चुटपुट लागली. पडद्यावर रॅथबोनचा काका शोभणारा हा नट प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान होता. रॅथबोनचा जन्म १८९२ चा, ब्रूसचा १८९५ चा. आणि ब्रूस पहिल्या महायुद्धात लढला होता, पायात गोळ्या लागून वाईट जखमी झाला होता. युद्धात गोळी खाऊन परतलेला माणूस वॉटसन करायला मिळाला आणि त्याला सांगितलं काय, तर गोंधळून दाखव. मैवंद त्या माणसाच्या अंगावर होतं. कॅमेरा तिकडे वळला नाही.

दोष एकट्या हॉलिवूडला देता येत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांचं एक बोलतं चित्रण झालं. बागेत बसलेले मिशाळ आजोबा, सोबत कुत्रा. लोक होम्सला खरा समजून पत्रं पाठवतात, असं ते कौतुकानं सांगतात आणि पुढे म्हणतात की त्याच्या त्या जराशा मठ्ठ मित्राला, वॉटसनलाही पत्रं येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते पुन्हा मागे नेऊन ऐकलं. डॉयल स्वतः डॉक्टर होते. वॉटसनच्या तोंडून त्यांनी साठांपैकी छप्पन्न गोष्टी सांगितल्या, आणि त्यालाच मठ्ठ म्हणतात! मला वाटतं, इतकी वर्षं पेटी इतकी बेमालूम वाजत राहिली की खुद्द बुवांनाही ती वाजते आहे हे जाणवेनासं झालं.

पण त्याच डॉयलनी लेखणी हातात असताना वेगळंच सांगून ठेवलंय. 'कॉपर बीचेस'मध्ये होम्स वॉटसनवर टीका करतो, की जिथे व्याख्यानमाला व्हायला हवी होती तिथे तू नुसत्या गोष्टी केल्यास. १९०४ सालच्या 'अ‍ॅबी ग्रेंज'मध्ये पुन्हा तोच सूर, तेव्हा वॉटसन जरा कडवटपणे म्हणतो, "मग तुम्ही स्वतःच का लिहीत नाही?" आणि १९२६ साली होम्स खरंच लिहायला बसतो. ती गोष्ट 'द ब्लँच्ड सोल्जर'. सुरुवातीलाच त्याला कबूल करावं लागतं की वाचकाला गोडी वाटेल अशा रीतीनं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथेच तो असंही म्हणतो की ज्याला प्रत्येक नवी गोष्ट सतत आश्चर्याची वाटते आणि पुढचं सगळं ज्याच्यासाठी मिटलेलं पुस्तक असतं, तोच आदर्श जोडीदार. यात थोडा टोमणा आहे, पण बाबांचा अर्धा श्वास मला इथेच सापडला. होम्सनं स्वतः अशा दोनच गोष्टी सांगितल्या, आणि त्या साठांतल्या कमकुवत गोष्टींपैकी आहेत. पेटी नसेल तर बुवा गातात कसे, ते तिथे ऐकू येतं.

बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग परत बोलावलं का त्याला?"

रेडिओची गोष्ट मला यात फार महत्त्वाची वाटते. त्याच वर्षांत, १९३९ पासून, रॅथबोन आणि ब्रूस अमेरिकन रेडिओवरही होम्स आणि वॉटसन करत होते. रॅथबोन १९४६ साली बाहेर पडला, ब्रूस आणखी एक वर्ष राहिला. तिथे निवेदक वॉटसनच्या घरी येऊन बसायचा आणि वॉटसन त्याला जुनी हकिगत सांगायचा. नट तोच, थोडं पुटपुटणंही तेच. पण रेडिओला डोळे नाहीत, त्यामुळे दाखवायचं कामही वॉटसनकडेच आलं, आणि त्या ब्रूसला ऐकताना तो मला मूर्ख वाटत नाही. आठवणींत रमलेला एक म्हातारा सैनिक वाटतो. आवाज परत मिळाला की माणूस परत मिळतो. पुढे बीबीसी रेडिओनं १९८९ ते १९९८ या काळात साठच्या साठ गोष्टी केल्या, क्लाइव्ह मेरिसन होम्स आणि मायकेल विल्यम्स वॉटसन. चर्चगेट ते गोरेगाव रोजच्या प्रवासात कानात घालून मी त्या सगळ्या ऐकल्या. विल्यम्सच्या आवाजात जो ओलावा आहे, तो मला कुठल्याही पडद्यावर दिसला नाही.

आपल्याकडे काय झालं? दूरदर्शनवर १९८५ साली 'करमचंद' आलं. पंकज कपूरचा गुप्तहेर गाजर खात विचार करणार, त्याची सहायक, सुष्मिता मुखर्जीची किटी, काहीतरी भाबडं विचारणार किंवा "सर, यू आर अ जिनियस" म्हणणार, आणि त्यावर "शट अप, किटी!" आमच्या वाडीत ते वाक्य इतकं रुजलं की गोट्या खेळताना, जेवताना, अभ्यास करताना कुणीही कुणालाही शट अप किटी म्हणायचं. बाबा ती मालिका आवडीनं बघायचे. फक्त ते वाक्य आलं की त्यांची मान किंचित खाली जायची.

मग १९९३ साली बासू चॅटर्जींचा 'ब्योमकेश बक्शी' आला. रजित कपूर बंगाली गुप्तहेर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याच्या गोष्टी सांगणारा मित्र अजित. या अजितवर माझा फार जीव आहे. तो व्यवसायानं लेखक. कुणी त्याला गप्प करत नाही. तो बसलेला असतो, ऐकत असतो, त्याला शंका आली तर ती शंका शहाण्या माणसाची असते, आणि ब्योमकेश त्याला उत्तर देतो ते मित्राला द्यावं तसं. रैनांचा चेहरा ऐकताना बघा. समोरचं वाक्य कानावर पडतं आणि ते मनात उतरेपर्यंतची वाट चेहऱ्यावर दिसते. पेटी परत द्यायचा एक मार्ग हा आहे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. सांगायला मिळत नसेल, तर ऐकणं तरी पूर्ण मिळायला हवं.

ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली मुंबईत आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला, आणि १९५२ पर्यंत इथे राहिले. मुंबईतल्या जवळजवळ सगळ्या वर्षांत त्यांनी ब्योमकेश लिहिला नाही. आणि आयुष्याच्या अखेरच्या काही कथांमध्ये त्यांनी अजितच्या हातून लेखणी काढून घेतली. कारण कथेतच दिलंय, अजितला लिहायला लावणं आता जमत नाही, त्याची भाषा जुनी झाली आणि तो पुस्तकांच्या धंद्यात गुंतलाय. त्या कथाही उत्तम आहेत. मला मात्र त्या वाचताना सारखं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं.

पडद्यावरचे माझे सगळ्यात लाडके वॉटसन दोन, आणि ते एकाच मालिकेत आहेत. ग्रॅनाडा टेलिव्हिजननं १९८४ पासून १९९४ पर्यंत जेरेमी ब्रेटला घेऊन एकेचाळीस भाग केले. निर्माते मायकेल कॉक्स यांनी ठरवूनच टाकलं होतं की वॉटसनला त्याची मूळची जागा परत द्यायची. पहिले तेरा भाग डेव्हिड बर्क, पुढचे सगळे एडवर्ड हार्डविक. गंमत अशी की ब्रेटनं होम्सच्या आधी स्वतः वॉटसन केला होता, १९८० साली लॉस एंजेलिसच्या रंगभूमीवर, चार्ल्टन हेस्टन होम्स असताना. जो कधी पेटीवर बसलाय त्यालाच गाताना साथीदाराकडे बघायचं सुचतं. ब्रेट बघतो. मोठं अनुमान सांगून झाल्यावर तो क्षणभर वॉटसनकडे नजर टाकतो, पोचलं का म्हणून. आणि बर्कच्या चेहऱ्यावर पोचल्याची खूण असते. आधी भुवया, मग डोळे, मग मिशीखालचं हसू.

आणि नटांची ती अदलाबदल! बर्कला कुटुंबासाठी वेळ हवा होता म्हणून त्यानं मालिका सोडली. त्याचा शेवटचा भाग 'द फायनल प्रॉब्लेम', रायशेनबाखच्या धबधब्यापाशी होम्स नाहीसा होतो तो. हार्डविकचा पहिला भाग 'द एम्प्टी हाऊस', तीन वर्षांनी होम्स परततो तो. या दोन भागांच्या मधे वॉटसनचा चेहरा बदललेला आहे. नवा वॉटसन वयानं थोराड, आवाजानं मऊ, डोळ्यांखाली थकलेला. हा योगायोगच, पण मला तो कधीच खटकला नाही. तीन वर्षं मित्राचा मृत्यू उरावर घेऊन जगलेला माणूस असाच दिसणार. होम्स वेशांतर उतरवून समोर उभा राहतो आणि वॉटसन बेशुद्ध पडतो, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. हार्डविक तिथे पडतो ते खरं वाटतं.

सोव्हिएत मालिकेतला विताली सोलोमिनही याच घराण्यातला. १९७९ ते १९८६, लेनफिल्मची निर्मिती, वासिली लिवानोव होम्स, बेकर स्ट्रीट म्हणून रिगा शहरातला एक रस्ता. तरतरीत, ताठ, तरुण फौजी डॉक्टर. पहिल्या भागात तर तो होम्सलाच गुन्हेगार समजून त्याच्यावर पाळत ठेवतो. किती साधी आणि योग्य गोष्ट! शेजारच्या खोलीत विचित्र माणसं येतात-जातात, सोबत राहणारा काय करतो ते सांगत नाही, तर शहाणा माणूस संशय घेणारच.

अलीकडच्यांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनी पाहिलेत. २०१० सालच्या बीबीसीच्या 'शेरलॉक'मध्ये मार्टिन फ्रीमनचा वॉटसन अफगाणिस्तानातूनच परतलेला आहे. दुर्दैवानं एकशे तीस वर्षांनी लेखकांना युद्ध बदलावं लागलं नाही. त्याची पहिली काही मिनिटं अप्रतिम आहेत, रिकामी खोली, काठी, दुःस्वप्न, आणि समोर कोरा ब्लॉग. पण पुढे होम्सची अनुमानं अक्षरं होऊन हवेत तरंगायला लागली आणि मी हळहळले. ती अक्षरं वाचली की मला थेट होम्सच्या डोक्यात जागा मिळते, मग फ्रीमनच्या चेहऱ्याकडे बघायची गरजच उरत नाही. सिनेमात ज्यूड लॉनं वॉटसनला मारामारी परत दिली, चांगलं झालं. 'एलिमेंटरी' या अमेरिकन मालिकेत लूसी लियूची जोन वॉटसन एकशे चोपन्न भागांत शिकत शिकत स्वतः गुप्तहेर होते. बाई म्हणून मला तिचा अभिमान वाटला. पण ती स्वतः गायला लागली तेव्हा साथीची जागा रिकामी झाली, आणि ती कुणी भरली नाही, हेही मनात राहिलं.

एक प्रसंग पडद्यावर यावा असं मला फार वाटतं, आणि तो कसा यावा ते मला सुचत नाही. १९२४ सालच्या 'थ्री गॅरिडेब्स'मध्ये वॉटसनच्या मांडीला गोळी लागते. जखम वरवरची आहे. पण होम्स धावत येतो, त्याला धरतो आणि म्हणतो, "तुला लागलं नाही ना, वॉटसन? देवासाठी सांग, लागलं नाही म्हणून!" इथपर्यंत कॅमेरा सगळं दाखवू शकतो, होम्सचे ओलावलेले डोळे, थरथरणारे ओठ. पण पुढचं वाक्य वॉटसनचं आहे, आणि तो ते मोठ्यानं बोलत नाही. त्या थंड मुखवट्यामागे केवढी माया आहे हे कळण्यासाठी एक जखम काय, अशा कितीतरी जखमा सोसल्या तरी चाललं असतं. इतक्या वर्षांच्या सेवेचं सार्थक त्या एका क्षणात झालं, असं तो लिहितो. कुठल्या नटानं हे चेहऱ्यावर आणायचं? हे वाक्य फक्त सांगणाऱ्यालाच सांगता येतं.

आपल्या वर्तमानपत्रांत 'साथीदार' हा शब्द बहुतेक चोराच्या बातमीत येतो. 'आरोपी व त्याचे दोन साथीदार फरार.' बाबांना याचं वाईट वाटायचं. गाण्यातला इतका गोड शब्द कुठे जाऊन पडला, म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी ते मला कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये घेऊन गेले. वॉटसन मुंबईत उतरला होता, तर त्याची काही खूण बघू, म्हणून. मी बसमध्ये त्यांना सांगितलं की ते चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांसाठी बांधलंय, १८५८ सालचं, वॉटसन दुसऱ्या युद्धातला. "असू दे," म्हणाले. आत गारवा होता, रंगीत काचांतून फरशीवर निळे-तांबडे तुकडे पडले होते. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. बाबा चष्मा लावून ती एकेक वाचत गेले आणि स्मरणलेखापाशी थांबले. मी त्याचा अर्थ सांगितला. नावं भिंतीवर लिहिली आहेत ती अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांची संख्या इतकी मोठी की त्यांची अशी नोंद करता आली नाही.

बाबा बराच वेळ तिथे उभे राहिले. मग म्हणाले, "वॉटसनला घोड्यावर टाकून ज्यानं आणलं, त्याचं नाव काय गं?"

"मरे."

मैवंदवर गोळी लागलेल्या वॉटसनला ओझ्याच्या घोड्यावर आडवा टाकून आपल्या फौजेत सुखरूप आणून पोचवणारा ऑर्डर्ली. पुस्तकात त्याच्या वाट्याला एक वाक्य आहे. पण वॉटसननं ते लिहिलंय, नावानिशी, आणि त्याच्या धैर्यामुळे व निष्ठेमुळे मी वाचलो असं लिहिलंय. होम्सच्या सगळ्या गोष्टी त्या एका घोड्यावरून आलेल्या आहेत. मी पाहिलेल्या कुठल्याच पडद्यावर मला मरे भेटला नाही.

"त्यानं नोंद केली," बाबा म्हणाले, आणि आम्ही बाहेर आलो.

बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. कॅसेटला बुरशी धरायला लागली होती, म्हणून मागच्या वर्षी मी ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली. माझी भाची दिवाळीत राहायला आली होती, दहा वर्षांची आहे. तिला म्हटलं, आजोबांचं गाणं दाखवते. ती मोबाइल डोळ्यांपुढे धरून बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "मावशी, आजोबा कुठायत?" मी पुढे नेऊन तिला तो हात दाखवला, पोवळ्याची अंगठी दाखवली. ती अंगठी आता माझ्या बोटात आहे, ती तिनं हात धरून ताडून पाहिली. "एवढेच?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

मी तिच्या हातून मोबाइल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. पडदा खाली, आवाज वर. भैरवी चालू होती. बुवा वरच्या षड्जावर जाऊन थांबले, तिथून सावकाश उतरत आले आणि त्यांनी श्वास घेतला.

भाचीनं मान वर केली. "बुवा थांबले ना? मग हे कोण?"